झाकणाखालची मी

मित्रांनो, तिळाएवढं माझं अंग बघून हसू नका! माझे कान केवढे आहेत ते आधी ऐका.

मी बिनतारी लहरी पकडणारी चिप आहे. साध्या चिपा लहरींची एकच अरुंद पट्टी ऐकतात. मी मात्र खालच्या सुरापासून पार वरच्या सुरापर्यंत सगळं एका दमात ऐकते. म्हणून तर अख्खा सिनेमा माझ्यातून पापणी लवते न लवते तोच पार होतो.

मला आखलं ताईने. प्रयोगशाळेतली ती सगळ्यात धाकटी इंजिनिअर. दोन वर्षं तिने पडद्यावर माझी एकेक रेघ काढली, खोडली, पुन्हा काढली. कारखान्यातून मी घडून आले, तेव्हा जोडणीवाल्या मावशींनी मला धातूच्या डबीत बसवलं आणि धूळ लागू नये म्हणून वर झाकण लावलं.

मग चाचणी. पडद्यावर माझ्या ऐकण्याची रेघ छान सरळ निघाली आणि मध्येच धपकन खड्डा! त्या सुराला मी ठार बहिरी.

"हौस पुरे," ताईचे साहेब म्हणाले. "ऐकण्याचा पट्टा निम्मा कर. शुक्रवारी नवा आराखडा कारखान्यात गेलाच पाहिजे."

"पण साहेब, आकडेमोडीत खड्डा नव्हता हो!"

"मग आकडेमोडच विकूया का?"

माझ्यावर 'नापास'ची चिठ्ठी लागली आणि मी खणात गेले. ताई डोळे पुसत नव्या आराखड्यातल्या माझ्या धाकट्या बहिणीचे निम्मे कान छाटू लागली. दोन वर्षांची मेहनत, मित्रांनो!

गुरुवारी मावशी चिमटा न्यायला आल्या.

"काय गं, तोंड का एवढंसं?"

ताईने सगळं सांगितलं.

"आकडेमोडीत झाकण धरलं होतंस ना?"

"झाकण? ते तर तुम्ही लावता!"

"अगं बाई! म्हणजे या पोरीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार!"

खरंच की! मला ताईने रेघ न् रेघ आखलं होतं, झाकण मात्र कुणीच हिशेबात धरलं नव्हतं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो ना, तशा बंद डबीत लहरी घुमत होत्या आणि नेमका तोच सूर गिळत होत्या.

मावशींनी मला खणातून काढून झाकण उचललं, ताईने पुन्हा चाचणी लावली. खड्डा गायब! ताई एवढ्या मोठ्याने किंचाळली की साहेब धावत आले.

"झाकणाला आतून लहरी शोषणारा काळा तुकडा चिकटवला की झालं," ताई म्हणाली.

"मग पट्टा कापायला कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच!" मावशी म्हणाल्या.

शुक्रवारी पूर्ण पट्ट्याचा आराखडा गेला. माझ्या बहिणी आज उंच मनोऱ्यांवर बसून दिवसभर ऐकत असतात. मी नाही. त्या आनंदाच्या घाईत ताईने तुकडा लावून झाकण परत बसवलं, तेव्हा मला डबीशी जोडणारी केसाहून बारीक तार त्याखाली दबून तुटली. आता मी खरीच बहिरी आहे.

राग नाही हं. एवढंच सांगते, मित्रांनो: कुणाला नापास म्हणण्याआधी त्याच्यावरचं झाकण उचलून बघा. आणि आनंदाच्या भरात ते परत लावताना, खाली कुणीतरी आहे हे विसरू नका.