दोन सिलिंडरचं
इंजिन सुरू कसं होतं हे सगळेच बघतात. आमच्या घरात ते बंद कसं होतं हे बघायची रीत. डिझेलच्या नळीचा कॉक बंद करायचा आणि आकडे मोजायचे. नळीतलं उरलंसुरलं संपलं की गपकन थांबेल ते गुणी; रेंगाळेल त्याच्या नादी लागायचं नाही. दादा या रीतीला हसायचा. मी मात्र तिच्यासाठी त्याच्याशी भांडलो.

भांडलो म्हणूनच त्याच्या डोंगरगाडीत एका सिलिंडरचं इंजिन बसलं. दगडखाणीवर पिण्याचं पाणी पोचवायचं, चढ छातीवर येणारा, मागच्या हौद्यातल्या टाकीत पाचशे लिटर. त्याला दोन सिलिंडरचं हवं होतं, पण कॉक बंद केल्यावर ते रेंगाळलं होतं. मी म्हटलं, फिटर मी आहे की तू? सात महिन्यांनी भरल्या हौद्यानिशी ते चढावर बंद पडलं आणि गाडी उलटी दरीत गेली. दादा गेला. ब्रेकनं दगा दिला, असं मी सगळ्यांना सांगितलं. वहिनीलासुद्धा.

आता त्याच चढावर पाणी न्यायचं काम वहिनी करणार होती. गाडीचा सांगाडा मी ठोकून सरळ केला होता, इंजिन तेवढं हवं होतं. यावेळी चुकलो तर आणखी एक माणूस जाणार, हे मला न सांगता कळत होतं.

जुनी इंजिनं विकणारा म्हातारा ठार बहिरा. इंजिनावर तळहात ठेवून तो त्याची तब्येत सांगतो, आणि कान शाबूत असलेल्या आमच्यापेक्षा बरी सांगतो. मी वहिनीला घेऊन गेलो तेव्हा त्याच्या शेडमध्ये आमच्यासाठी दोन इंजिनं स्टँडवर चढवलेली होती. पहिलं एका सिलिंडरचं. कॉक बंद केला, आठ मोजले, थांबलं. माझा जीव त्याच्यावरच बसत होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

दुसरं दोन सिलिंडरचं. अर्ध्या हँडलात सुरू झालं आणि इतकं संथ चालायला लागलं की पुढचा ठोका पडतो की नाही याची वाट बघावी. इंजिनाचा ठोका इतका संथ फक्त दादा लावायचा. मी घाईघाईनं कॉक बंद केला.

आठ झाले. तीस झाले. शंभरावर मी मोजणं सोडलं. नळी सोडवून पाहिली, कोरडी. डिझेल इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल पिऊन चालतं, पण तेव्हा ते पिसाळतं, किंचाळतं, फुटेपर्यंत धावतं. हे जराही घाई करत नव्हतं. ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तीही कोरडी. म्हाताऱ्यानं इंजिनावर तळहात ठेवला, लगेच उचलला, पँटला पुसला आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला.

"हे घेऊ या," वहिनी म्हणाली.

जे आपल्या हातानं थांबत नाही ते दरीच्या कडेला काय करेल, असं काहीतरी मी बोललो. मला भीती वाटत होती, आणि घाबरलो की मी शहाणपणा शिकवायला लागतो. हवा तोडली की कुठलंही इंजिन मरतं. मी हवेच्या तोंडावर तळहात दाबून धरला. कातडी आत ओढली गेली. ठोके लांबले, अडखळले, हाताखाली कुणीतरी धाप टाकत असल्यासारखं लागलं. मला रडू आलं, पण हात मी काढला नाही.

वहिनीनं माझं मनगट धरलं. जोरात नाही.

"भाऊजी, एकदा थांबवलंत, तेवढं पुरे."

म्हणजे ब्रेकची गोष्ट तिनं एक दिवसही खरी मानली नव्हती. माझ्या हातचं खात-पीत होती, माझ्याशी बोलत होती, आणि तिला सगळं माहीत होतं.

मी हात काढला. इंजिनानं लांब श्वास ओढला आणि ठोके पुन्हा पूर्वीसारखे संथ पडू लागले. चेनपुलीनं उचलून, ओढून आणलेल्या गाडीत बसवेपर्यंत दुपार टळली. तेवढा वेळ ते डिझेलवाचून चालतच होतं. वहिनीनं हौद्यातली टाकी काठोकाठ भरून घेतली, स्टिअरिंगवर बसली आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"बसा," ती म्हणाली. "चढापर्यंत चला."

मी बसलो.