रकाना क्रमांक सात

दोरी पेनापेक्षा जाड होती. पेन पळून जाऊ नये म्हणून ते काउंटरच्या खिळ्याला बांधलेलं, आणि पेन असं, की कुणी पळवावं असं त्यात काही उरलं नव्हतं – टोपण गेलेलं, बूड चावलेलं… बँकेचं पेन कोण चावत असेल? मंजुश्री ते हातात धरून सातव्या रकान्यापाशी थांबली होती. ‘पुनर्विवाह केला आहे काय?’ पुढे चौकोन. चौकोन लहान, सरकारने ‘नाही’च्या मापाचाच आखलेला.

सकाळी देऊळघाटला हाच शब्द तिने ओट्यापाशी, कुकरच्या दोन शिट्यांच्या मधे लिहून टाकला होता. नवरा, धम्मरत्न, गेल्यापासून त्याच्या पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात बुलडाण्याला येऊन सांगावं लागतं – मी जिवंत आहे, आणि मी लग्न केलेलं नाही. पहिल्या गोष्टीला आधार कार्ड लागतं. दुसरीवर सगळ्यांचा नुसताच विश्वास आहे. चार वर्षांत तिला त्यात काही वाटलं नव्हतं. गॅसचा नंबर लावताना वाटतं तेवढंच.

पण साडेअकराला खिडकीतल्या क्लार्कने फॉर्म परत सरकवला. “मावशी, हा जुना फॉर्म. नवीन भरा. आन् सर्व्हर बंद आहे, तीन वाजता या.”

मागे प्रसेनजित गुरुजी उभे होते. धम्मरत्नच्याच शाळेतले, त्याच्यानंतर रिटायर झालेले. त्यांची बायको महामाया जाऊन सात वर्षं झाली. पण पेन्शन त्यांचं स्वतःचं, त्यामुळे त्यांना फक्त जिवंत असणं पुरतं. सातवा रकाना त्यांच्या फॉर्मात नाहीच. उद्या त्यांनी बँकेवरून वरात नेली, तरी खिडकीतून कुणी मान वर करणार नाही.

“तीन वाजेपर्यंत काय करता वहिनी? समोर टाकीज आहे. बसाले खुर्च्या तं भेटतीन.”

“सिनेमा कोणता आहे?”

“कोणता का असेना. खुर्ची महत्त्वाची.”

सिनेमा नवरा गेलेल्या बाईचा निघाला. डोंगरातलं गाव, बाईची लांब शाल, आणि दुःख – एका गाण्यापुरतं. बाईला सासू नव्हती, रेशन कार्ड नव्हतं, कोणत्याही कचेरीत तिचं काही काम नव्हतं. ती सकाळपासून खिडकीत बसून धुक्याकडे बघायची. मग छप्पर गळतं म्हणून एक माणूस आला. छप्पर चांगलं तासभर गळत राहिलं… मंजुश्रीला हसू येत होतं. नवरा गेल्यावर बाईला एवढी फुरसत मिळते कुठे? धम्मरत्नच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला मी पत्रावळ्या कमी पडतात का ते बघत होते, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या बारा झेरॉक्स काढत होते. मी रडले ती झेरॉक्सच्या दुकानात – बारावी प्रत तिरपी आली म्हणून. दुकानदाराने ती फुकट दिली. असं कुणी सिनेमात का दाखवत नाही…

मध्यंतरानंतर केव्हा तरी तिच्या लक्षात आलं की आपण शेंगदाणे खातो आहोत. दोन खुर्च्यांच्या मधल्या लाकडी हातावर कागद, कागदावर सोललेले दाणे. ती एकेक उचलत होती, आणि ढीग काही संपत नव्हता. तिने खाली पाहिलं. टरफलं सगळी गुरुजींच्या पायाशी. तिच्या बाजूला एकही नाही. म्हणजे हा माणूस अंधारात शेंगा फोडतो आहे, दाणे इकडे सरकवतो आहे, आणि मी – किती वेळ? धम्मरत्नने जन्मात कुणाला शेंग सोलून दिली नाही. तो तिच्याच ढिगातले उचलायचा, न बघता, आणि तिला तेही आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं. पडद्यावर तो छपराचा माणूस दरी ओलांडून धावत येत होता. तो पोचला की नाही, ते तिने पाहिलंच नाही. तिचा हात कागदाकडे निघाला, अर्ध्यात थांबला. मग गेला.

शेजारी गुरुजी रुमालाने डोळे पुसत होते.

“काऊन रडता गुरुजी?”

“रडून नाही राह्यलो. तिखट लागलं.”

शेंगांना तिखट नव्हतं.

बाहेर ऊन होतं. रस्ता ओलांडताना ते म्हणाले, “मंजुश्रीबाई, पाहून. ट्रक येऊन राह्यला.” ट्रक गेला. बँकेच्या पायऱ्या येईपर्यंत ती कान देऊन चालत होती, त्यांच्या तोंडची ‘वहिनी’ कुठे गेली म्हणून. ‘वहिनी’ काही परत आली नाही.

आणि आता हा चौकोन.

‘हो’ लिहिलं, तर दर महिन्याला मोबाइलवर पेन्शनचा मेसेज होऊन येणारा धम्मरत्न बंद. पुण्याहून मुलगा बोलणार नाही, फक्त सूनबाईला फोन देईल. विहारात पौर्णिमेला खांबापाशी ज्या बायांत ती बसते – गेलेल्यांच्या बायांची रांग; अशी रांग धम्मात नाही, बायांनी आपली आपण लावून घेतली आहे – तिथे कुणी सरकून जागा देणार नाही. पण ‘हो’ लिहायला सांगितलंय कुणी? कुणी विचारलंय? सरकार सोडून…

“मावशी, तिथं काय एवढा विचार? नाही लिहा,” खिडकीतून क्लार्क म्हणाला.

“लिही वो बाई,” मागून एक म्हातारी म्हणाली. रुखमाबाई, रोहिणखेडची, दरवर्षी याच रांगेत भेटते. “मंग मले गाडी भेटत नाही.”

“तुम्ही काय लिहिता आजी?”

“मी अंगठा देते. मले कोन इचारते?”

मंजुश्रीने लिहिलं. नाही. खरंच होतं ते, सकाळीही आणि आताही. सकाळी तिने प्रश्न वाचलाच नव्हता, एवढंच. बोटाला लागलेलं शेंगांचं मीठ चौकोनाच्या कोपऱ्यात उमटलं. तिने ते पदराने पुसलं; अक्षर थोडं फिसकटलं, पण वाचता येत होतं.

गुरुजी पायऱ्यांपाशी उभे होते. जिवंत असल्याचं त्यांचं काम दोन मिनिटांत आटोपलं होतं.

“झालं का?”

“झालं,” ती म्हणाली. मग एक पायरी उतरून, “या वर्षाचं झालं.”

देऊळघाटची ऑटो भरत होती. मंजुश्रीने पुढचा नोव्हेंबर मनातल्या मनात महिन्यांनी मोजून पाहिला. वाट बघायची म्हटल्यावर तो तिला पहिल्यांदाच लांब वाटला.