शुक्रवारची सतरंजी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण लक्षात ठेवलं नसेल. जी वस्तू नेहमी कुणाच्या तरी पायाखाली असते, तिच्याकडे निरखून कोण बघतं? मी एक जुनी सतरंजी आहे. निळ्या आणि तांबड्या पट्ट्यांची. निळा आता राखाडी झाला आहे आणि तांबड्याला तर रंगच म्हणवत नाही. भूगावातल्या एका चर्चच्या जिन्याखालच्या खोलीत मी गुंडाळून उभी आहे. एका बाजूला मोडका पंखा, दुसऱ्या बाजूला नाताळचा कागदी तारा. ताऱ्याला निदान वर्षातून एकदा बाहेर काढतात.

माझा जन्म नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, हातमागावर झाला. मला विणणारा माणूस जाड सुताचा एकेक धागा इतका घट्ट ठोकायचा, की शेजारचे विचारायचे, बसायच्या सतरंजीला एवढी मेहनत कशाला? तो म्हणायचा, "ही नुसती बसायला न्हाई. उषाच्या लग्नातली हाय. तिच्यावर प्रार्थना होणार. गुडघ्याला जागा घट्ट लागते."

उषा म्हणजे त्याची भाची. तिच्याबरोबर मी सासरी आले. तिच्या नवऱ्याला पिरंगुटच्या एका कारखान्यात काम लागलं आणि आम्ही भूगावात राहायला आलो. तेव्हा इथे इमारती नव्हत्या. भातखाचरं होती, आणि धोंडाबाईचं घर होतं. धोंडाबाईने आपल्या गोठ्याशेजारची खोली आमच्या चार-पाच ख्रिस्ती कुटुंबांना प्रार्थनेसाठी दिली. धर्माचं काही तिने विचारलं नाही. म्हशीला त्रास व्हायला नको, एवढंच बजावलं.

दर शुक्रवारी उपास-प्रार्थना असायची. सकाळी माणसं यायची, चपला बाहेर काढायची आणि माझ्यावर गुडघे टेकायची. दुपारपर्यंत कुणी उठायचं नाही. काहींचं कपाळ माझ्यावर टेकलेलं असायचं. मी हळूहळू गुडघ्यांवरून माणूस ओळखायला शिकले. हौसेने आलेले गुडघे हलके असतात आणि सारखे जागा बदलतात. ज्यांच्या मनावर काही ओझं आहे, ते एकाच जागी रुततात.

एकदा मंडळीतल्या, म्हणजे प्रार्थनेला जमणाऱ्या आमच्या कुटुंबांतल्या, दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं होतं. लग्नाच्या पंगतीत कुणाला आधी वाढलं, एवढ्यावरून. वर्ष गेलं. मग एका शुक्रवारी आमचे धर्मगुरू, म्हातारे पाळक, म्हणाले की आज प्रार्थना होणार नाही, आज सगळे नुसते बसू. सगळे बसले. एक भाऊ माझ्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. उन्हं माथ्यावर आली. पोरं भुकेने कुरकुरू लागली. मग थोरला, उठून नव्हे, गुडघ्यांवरच सरकत सरकत धाकट्याकडे गेला. त्याच्या गुडघ्यांचा तो खरखरीत प्रवास मला अजून आठवतो. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण दोघांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं आणि मग सगळ्यांचंच पडायला लागलं. मित्रांनो, मंडळीत जीव आहे की नाही हे कशावरून ओळखायचं, असं मला कुणी विचारलं तर मी तो दिवस सांगेन.

त्या दिवशी धोंडाबाई उपास सोडायला तांदळाची पेज घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "व्हय गं उषा, तुमचा देव बहिरा हाय का? एवढ्या जणांनी एवढं रडून सांगायचं?"

उषा डोळे पुसत म्हणाली, "देव बहिरा न्हाई, बाई. आमचंच मन जाड झालंय. ते मऊ होईस्तोवर बसावं लागतं."

धोंडाबाईला ते पटलं असावं. तिने पेजेत आणखी थोडं मीठ घातलं आणि पातेलं ठेवून गेली.

त्याच सुमारास माझ्या कोपऱ्यावर एक तान्हं बाळ झोपवलेलं असायचं. त्याचं नाव दयानंद. त्याची आई प्रार्थनेत असायची आणि हा खुशाल मला ओलं करायचा. पुढे तो मोठा झाला, शिकला, आणि याच मंडळीचा पाळक झाला. त्याने मला किती वेळा ओलं केलं हे मी त्याच्या मंडळीला कधी सांगितलं नाही.

मग भूगाव बदललं. खाचरं गेली, इमारती आल्या. लांबलांबून नोकरीसाठी आलेली कुटुंबं चर्चला येऊ लागली. मंडळीने स्वतःचं सभागृह बांधलं. तिथे गुळगुळीत फरशी आली, खुर्च्या आल्या, भिंतीवर मोठा पडदा आला. खुर्च्यांचं मला वाईट वाटलं नाही. म्हाताऱ्यांची कंबर दुखते, मला कळतं. पण खुर्च्या इतक्या जवळ जवळ मांडल्या, की दोन रांगांच्या मध्ये गुडघे टेकायला जागाच उरली नाही. ती उरली नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला त्याचंच वाईट वाटलं.

मी शुक्रवारपुरती उरले. आधी बाराजणी यायच्या, मग पाच, मग दोघी. शेवटी एकट्या उषाबाई. त्यांचे यजमान वारले होते, मुलगी बाणेरला राहत होती. जिन्याखालच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. त्या मला कोपऱ्यातून ओढायच्या, तिथेच अंथरायच्या, आणि नेहमीच्या जागी गुडघे टेकायच्या. त्या जागी माझी वीण झिजून दोन खळगे पडले आहेत. विणणाऱ्या मामाने कितीही घट्ट ठोकलं असलं, तरी चाळीस वर्षांपुढे सुताचं काय चालतं?

बाकीच्यांच्या प्रार्थना तेव्हा फोनवर गेल्या होत्या. कुणी ग्रुपवर लिहायचं की आईचं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा. लगेच खाली जोडलेल्या हातांची चित्रं यायची. रांगच्या रांग. लिहिणाऱ्याला बरं वाटायचं, हात पाठवणाऱ्यालाही. उषाबाईंना फोनवर वाचता यायचं नाही. त्या लोकांना विचारून नावं लक्षात ठेवायच्या आणि शुक्रवारी एकेक नाव घ्यायच्या.

त्यातलं एक नाव अमोघचं होतं. अमोघ चार वर्षांचा. हवा बदलली की त्याला धाप लागते. त्याची आई उत्कर्षा हिंजवडीला नोकरी करते. ती शुक्रवारी सकाळी घाईने यायची, चप्पल न काढता दारातच उभी राहायची आणि उषाबाईंना सांगायची, "मावशी, रात्रभर खोकत होता. आज जरा जास्त करा ना त्याच्यासाठी."

उषाबाई म्हणायच्या, "करते की. पण तूही ये ना गं आत. दहा मिनिटं."

"पुढच्या शुक्रवारी नक्की."

मित्रांनो, ती खोटं बोलत नव्हती. तिच्या अडचणी सगळ्या खऱ्या होत्या. कधी मुलाला ताप, कधी ऑफिसची मिटिंग, कधी शाळेची व्हॅन चुकलेली. तिच्या डोळ्यांत सतत भीती असायची, मुलाची. भीती माणसाला गुडघ्यांवर आणते असं मी समजत होते. पण तिला ती नुसतीच पळवत होती.

उषाबाईंचे पाय सुजायला लागले तेव्हा एका शुक्रवारी त्यांनी दयानंद पाळकांना खोलीत बोलावून घेतलं. मी अंथरलेलीच होते. त्या म्हणाल्या, "दया, मला एक माणूस दे. जास्त नको. मी गेल्यावर शुक्रवारचं हे दार उघडणारं एक कुणीतरी. एवढ्या वर्षांत एक शुक्रवार चुकलेला न्हाई, बाबा."

पाळक म्हणाले, रविवारी जाहीर करतो. त्यांनी जाहीर केलंही. सहलीच्या बसची सूचना आणि गायनपथकाच्या सरावाची वेळ यांच्या मध्ये. कुणीच आलं नाही. पाळक वाईट माणूस नव्हते. ते धास्तावलेले होते. कार्यक्रम फिका पडला तर लोक दुसऱ्या चर्चला जातील, ही धास्ती. ती त्यांना झोपू देत नव्हती आणि गुडघेही टेकू देत नव्हती.

मग त्यांनी संजीवन सभा ठरवली. संजीवन म्हणजे विझत चाललेल्या मंडळीत पुन्हा जीव येणं. याच एका गोष्टीसाठी उषाबाई माझ्यावर वर्षानुवर्षं विनवत होत्या. बातमी कळली तेव्हा त्या माझ्यावर बसून लहान मुलीसारख्या हसल्या. सभा मुळशी धरणाच्या काठावरच्या एका रिसॉर्टमध्ये होती. शुक्रवारपासून रविवारपर्यंत.

शुक्रवारपासून. त्या दिवशी उपास-प्रार्थना असते हे ठरवताना कुणालाच आठवलं नाही.

गुरुवारी टेंपोत सामान भरताना कुणीतरी म्हणालं, तिथल्या फरशीवर ड्रमसेट घसरतो, खाली काहीतरी जाड हवं. पाळकांनाच मी आठवले. "जिन्याखाली एक जुनी सतरंजी आहे बघा, ती घ्या." खरं सांगते, मला क्षणभर आनंद झाला. वाटलं, संजीवन सभेला माझी गरज आहे. तिथे मला मंचावर अंथरलं आणि माझ्यावर ड्रमसेट ठेवला. त्याच्या पायांना लोखंडी टोकं होती. ती माझ्यात रुतवून घट्ट पिळली. चार भोकं पडली.

शुक्रवारी सकाळी उषाबाईंनी खोली उघडली तर मी नव्हते. त्या धोंडाबाईकडे गेल्या. दोघी म्हाताऱ्या बस पकडून मुळशीला आल्या. मंडपात खुर्च्यांना पांढरी कापडं आणि सोनेरी फिती बांधलेल्या होत्या, मागे पनीरचा वास सुटला होता. धोंडाबाईने एकदा सगळीकडे बघितलं आणि विचारलं, "लगीन कुणाचं हाय?"

सभा सुरू झाली. वक्ते चांगलं बोलले. शेवटी त्यांनी आवाज चढवून विचारलं की कुणाला नवं जीवन हवं आहे, त्यांनी पुढे येऊन प्रभूसमोर गुडघे टेकावेत. संगीत वाढलं. लोक उभे राहिले. एका हातात फोन होता, दुसरा हात वर होता. पण पुढे कुणी आलं नाही.

उषाबाई आल्या. मंच बुटकाच होता. ड्रमच्या खालून माझी वीतभर कड पुढे आली होती. त्यांनी ती बरोबर शोधली आणि तिच्यावर गुडघे टेकले. ते सुजलेले होते, तरी मी लगेच ओळखले.

तेवढ्यात चित्रीकरण करणारा तरुण वाकून आला. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? तुम्ही फ्रेममध्ये येताय."

त्याने त्यांना हात धरून उठवलं. उर्मटपणे वागला असता तर कुणाला तरी राग आला असता. पाळक माइक घेऊन मंचावरच उभे होते. त्यांनी बघितलं. त्यांचे डोळे उषाबाईंवर आले, थांबले, मग हातातल्या कागदावर गेले. त्यांनी पुढचं गीत सुरू केलं.

मंचाच्या कडेला उषाबाईंना पाणी देत धोंडाबाई म्हणाली, "पूर्वी तुमी रडायचा तर माझी निजलेली पोरं उठायची. आता हितं एवढा आवाज हाय, पर रडतंय कोण?"

उषाबाई नुसतं पाणी प्यायल्या. उपास होता म्हणून जेवल्या नाहीत.

रविवारी सांगितलं गेलं की सभेला मोठा आशीर्वाद मिळाला. मी जिन्याखाली परत आले. उषाबाई त्यानंतर तीनच शुक्रवार आल्या. तिसऱ्या शुक्रवारी त्यांना खाली बसता आलं नाही. उभ्यानेच माझ्याकडे बघत त्यांनी नावं घेतली, अमोघचंही घेतलं, आणि मला न गुंडाळताच गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचा दफनविधी झाला. ग्रुपवर खूप हात जोडले गेले, असं ऐकलं.

नाताळच्या आधी पाळक तारा न्यायला आले. त्यांनी मला उचलून गुंडाळायला घेतलं. त्या चार भोकांवरून बोट फिरवलं. "मावशी," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता टेकतील, आता टेकतील. मग त्यांनी मला कोपऱ्यात उभं केलं आणि ताऱ्यावरची धूळ झटकत निघून गेले.

आणि एका शुक्रवारी पाळकांकडून किल्ली मागून घेऊन उत्कर्षा आली. अमोघला घेऊन. तिने चप्पल काढली, मला अंथरलं. अमोघने विचारलं, "आई, आजी इथे काय करायच्या?"

"प्रार्थना."

"कशी?"

तिने तोंड उघडलं. मित्रांनो, ती पदवीधर बाई आहे, घरात तिच्या दोन भाषांतली बायबलं आहेत. पण तिने आजवर एवढंच सांगितलं होतं, माझ्यासाठी प्रार्थना करा. तिला शब्द सुचेनात. अमोघ वाट बघून कंटाळला. त्याने खिशातून दोन छोट्या गाड्या काढल्या आणि माझ्यावरच्या दोन खळग्यांत एकेक लावली. "आई, बघ, पार्किंग."

ती त्या खळग्यांकडे बघत राहिली. ते कशाचे आहेत हे तिला कळलं. तिचा चेहरा बदलला. तिने एक गुडघा टेकला. दुसरा टेकणार, इतक्यात अमोघ खोकला. ती ताडकन उठली, पर्समध्ये औषधाचा पंप शोधायला लागली. मग घाईने मला गुंडाळलं, पोराला कडेवर घेतलं. "पुढच्या शुक्रवारी येऊ हं," ती त्याला म्हणाली.

मित्रांनो, मला धुवा, रफू करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझे दिवस संपले. तुम्ही मंडळी नवी सतरंजी घ्या, नाहीतर नुसती फरशी असू द्या. पण तुमच्या चर्चमध्ये कुणीतरी एकटं माणूस गुडघ्यांवर असेल, तर ते उठायच्या आत त्याच्या शेजारी जाऊन टेका. ते उठल्यावर तुम्हाला शिकवायला कुणी राहणार नाही. मी शिकवू शकत नाही. मला फक्त खळगे आहेत.

घाईत एक गाडी माझ्या गुंडाळीतच राहिली आहे. लाल रंगाची, अमोघची. प्रत्येक शुक्रवारी मला वाटतं, निदान ती न्यायला तरी कुणी येईल.