चौकटीची चिकटपट्टी

सासरे जन्माचे रंगारी. संध्याकाळी ते येणार, म्हणून त्यांना दाखवायला जावईबापूंनी खोली स्वतःच रंगवायला घेतली.

"बाबांना विचारू का?" बायको म्हणाली.

"भिंत रंगवायला काय अक्कल लागते?"

दाराच्या चौकटीला रंग लागू नये म्हणून त्यांनी तिच्यावर मोठ्या मायेने चिकटपट्टी लावली आणि भिंत रंगवली.

"रंग ओला आहे तोवरच पट्टी काढा हो."

"तुझ्या माहेरी सगळ्यांनाच घाई!"

रंग खडखडीत वाळल्यावर त्यांनी ऐटीत पट्टी ओढली. तिच्यासोबत भिंतीचाही रंग सालपटासारखा निघून आला. तेवढ्यात दार वाजलं.

सासऱ्यांनी कड न्याहाळली, बाह्या दुमडल्या. "बरं झालं, माझ्यासाठी काम राखून ठेवलंत. नुसता बसून कंटाळलो असतो."

जावईबापूंनी ब्रश सासऱ्यांच्या हाती दिला. दिवसभरात त्यांचं तेवढंच काम नीट झालं.