शटल वाजतंय

शटलचं टोक दोऱ्याखालून सरकलं, वर आलं, आणि गाठ शटलच्या दोऱ्यावरून हातावरच्या दोऱ्यावर उलटली — डोळ्यांना दिसत नाही ते, बोटालाच कळतं — मग शरयूने दुसरी अर्धी गाठ घालायला डाव्या हाताची बोटं पुन्हा पसरली. होडीसारखं, बोटाएवढं, लेस विणायचं शटल. त्याच्या मिटल्या टोकांतून दोरा सुटला की टक् वाजतं. आज घरात तेवढाच आवाज. श्रावणी सोमवार, दिवेलागणीपर्यंत मौन. नुसतं तोंड मिटून भागत नाही; खूण नाही, पाटीवर लिहून दाखवणं नाही — नाहीतर मौन कसलं, हातांची बडबड ती.

सकाळी शेजारच्या लीलाबाई बेल द्यायला आल्या आणि नेहमीप्रमाणे दोघींचं एकट्याच बोलल्या. "बरं बाई तुमचं! मी मौन धरलं तर आमचे हे गल्लीत पेढे वाटतील." मग पुठ्ठ्याला गुंडाळलेली लेस उलगडत, "पण ही एवढी लेस कुठल्या कापडाला हो? कापड तर कधी दिसलं नाही मला."

शरयू नुसती हसली. तोंड बंद होतं ते बरंच झालं, कारण कापड नव्हतंच… किनार होती, वीतवीत वाढत होती, आणि ज्याला लावायची ते काही नव्हतं. दीपमाला असती तर म्हणाली असती, आवं अक्का, आधी लुगडं का आधी काठ? दीपमाला, धाकटी जाऊ, पलूसकडची. लग्न होऊन साताऱ्यात आली तेव्हा बोटांवर उसाच्या पाल्याचे चरे होते. दोरा त्यांत अडकायचा आणि ती दोऱ्यालाच शिव्या द्यायची. दुपारी दोघी याच खिडकीत, मधे दीपमालेची सई झोपलेली, दोन शटलं टक् टक्… शरयूला मूल नव्हतं, पण त्या दुपारी ते आठवायचंही नाही. मग भावाभावांत चुली वेगळ्या झाल्या, धाकट्या दिरांनी कुपवाडला कारखान्यात काम धरलं. टेम्पो भरला. दीपमाला उंबऱ्यात उभी राहिली, "येते अक्का" म्हणाली आणि गेली नाही — थांबली. शरयूने कुंकू लावलं. कपाळ वाट बघत होतं, आणि आपण… मोठ्यांचं बोलणं झाल्यावर मधे बोलायची रीत नव्हती घरात. नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

त्यानंतरच्या श्रावणापासून हे मौन धरलं. शिवामूठ वाहताना सासरच्या सगळ्यांची माया मागतात, शरयूने एवढंच मागितलं की एकदा, आपणहून, तिचा फोन येऊ दे.

फोन वाजला. स्टुलावर नाव उजळलं — दीपमाला.

मौनात फोन घेऊन करायचं काय, हे सुचायच्या आतच करंगळीने तो घेतला होता, स्पीकरही लावला होता. डावा हात दोऱ्यात गुंतलेला तसाच वर.

"अक्का?"

मागे कुठेतरी यंत्राची घरघर. कुपवाड.

"अक्का, मी दीपमाला… सईचं ठरलं. पोरगं चांगलं हाय. तुमाला आधी सांगावं म्हटलं."

सईचं ठरलं. त्या झोपलेल्या मुठी… घरात हे असते तर बोलले असते. नसते बोलले. भावाचं घर म्हटलं की त्यांचंही मौनच. आणि आज तर ते शिरवळला गेलेले.

"रुखवतात ठिवायला लेस करतीया. पन गाठींची कडी गोल मिटंना बघा. वडली तर दोरा तुटतोय. सई म्हनली, मोबाइलवर बघ. बघितलं. ती बाई लय भराभर करती, आन वर हसती. म्हटलं आपल्या मानसालाच इचारावं. गाठीचं तुमी कायतरी सांगायचा…"

गाठ उलटली नाही गं ती. एक जरी तशी राहिली तरी कडी मिटत नाही. कापून टाक, नवी घाल. सगळं जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. ओठ सुटले, आणि तिथेच थिजले — ज्या महादेवाने हा फोन दिला त्याच्याच व्रताचा भंग, तोही याच घटकेला. आणि तो कुणाला भोवेल? सईचं नुकतंच ठरलेलं, दोऱ्याएवढं नाजूक… नाही. पण मी आहे इथे, मी ऐकतेय, हे कसं कळवू?

तिने हात फोनजवळ नेला आणि शटल ओढलं. टक्. पुन्हा, टक्. ही खूण झाली का? झाली तर झाली, महादेवा, एवढी पोटात घाल.



"शटल वाजतंय." आवाज क्षणभर उजळला, मग बारीक होत गेला. "म्हंजे हायसा तितं… ऐकतायसा. हात बी चाललाय." टक्, शरयूने घाईघाईने केलं, टक् टक्. "चालू द्या. मी आपली बोलतीया येडी. त्या दिवशी पन असंच उभी ऱ्हायले मी. ठिवते."

यंत्राची घरघर तुटली.

काहीच झालं नसल्यासारखं घर तसंच. आता फक्त सूर्य खाली जायचा होता. एरवी यवतेश्वराच्या डोंगराकडे केव्हा कलतो ते कळतही नाही, आज ऊन भिंतीला चिकटल्यासारखं. जा ना, तिने मनात म्हटलं, लवकर जा; मी लगेच फोन करते, गाठ उलटली पाहिजे गं, असं म्हणते — आणि मग? मग ती विचारील, का बोलला नाहीत. मौन होतं, म्हणेन. आणि त्या दिवशी? त्या दिवशी कुठलं व्रत होतं, अक्का?

इतके श्रावण फोन मागितला, त्यावर बोलायचं काय ते एकदाही मागितलं नाही. शोधायला गेली तर गाठीपुढे शब्दच नव्हता. दिवसभर ओठांवर घट्ट धरलेलं ते काय होतं मग — व्रत, की आडोसा?

लीलाबाईंच्या तुळशीपुढे दिवा दिसला. देवघरात शरयू काडीपेटी हातात घेऊन उभी होती. समईत तेल होतं, वात भिजलेली होती. खिडकीबाहेर अजून उजेड आहे, तिने स्वतःला सांगितलं. थोडा आहे अजून.