मी कोकरासारखी रडते

मी बोटभर लांबीची अक्रोडाची पिपाणी बोलतेय. माझ्या पोटात पातळ पत्ती आहे. फुंकलं की मी कोकरासारखी रडते, म्हणजे ते ऐकून शिकाऱ्यासमोर कायोटी येतो. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान असं हे जनावर.

व्हर्नाच्या दुकानात माझ्या शेजारी सशासारख्या किंचाळणाऱ्या पिपाण्या होत्या. त्याच खपायच्या. एके दिवशी मायते आली. दूरच्या शहरात शिकून ती नुकतीच नेवाडाला घरी परतली होती; शिकार तिला नवी होती. तिच्या वडिलांची, बेन्यातची, नऊ कोकरं फाडली गेली होती. आणखी एक गेलं, की ते हेलिकॉप्टरवाल्यांना बोलावणार होते. ते वरून खोऱ्यातला एकूण एक कायोटी टिपतात. मायते म्हणे, गुन्हा एकाचा असेल, तर शिक्षा सगळ्यांना का?

"नवशिक्यानं सशाची घ्यावी," व्हर्ना म्हणाली. "तिला सगळे येतात."

"म्हणूनच नको. मला कोकरांना चटावलेलाच हवाय."

तिने मला उचललं. कुणीतरी विचार करून मला निवडलं, म्हणून मी सुखावले.

"कॉलेजात हेच शिकवतात वाटतं?" बेन्यात हसले. पण उजाडताना तेही सोबत आले.

दोघं घळीत दबून बसली. तिचे ओठ कोरडे होते. पहिल्यांदा मला नुसती उचकी लागली. दुसऱ्यांदा मी रडले.

शांतता. मग झुडपं हलली. काहीतरी जमिनीला पोट घासत, वास घेत, लांबून वळसा घालून येत होतं. मायतेने नेम धरला. मी तिच्या गळ्यात होते. तिचं काळीज माझ्यावर धडधडत होतं.

ते उघड्यावर आलं. पांढरं होतं.

"आपला अर्गी!" तिने बंदूक खाली केली. बेन्यातनी बाटलीने दूध पाजून वाढवलेला, कळपाचा राखणदार कुत्रा. "बाबा, तो राखणीलाच आला असेल."



"राखणीला येणारा भुंकत येतो," बेन्यात म्हणाले. "हा भुंकला नाही."

ते उठले आणि त्याच्या गळ्यातला राखणदारीचा खिळ्यांचा पट्टा त्यांनी स्वतःच्या हाताने सोडला.

हेलिकॉप्टर आलं नाही. त्यानंतर कोकरूही गेलं नाही. मी आता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. मायते धूळ उडवायला मला उतरवून हलकं फुंकते, तेव्हा अंगणात अर्गीची साखळी खुळखुळते.

मला निवडणाऱ्यांनो, मी फक्त बोलावते. कोण येईल, ते माझ्या हाती नाही. जो येईल त्याला ओळखायची छाती असेल, तरच मला ओठांना लावा.