दोन चापट्या

काकूंच्या घरात बिघडलेल्या वस्तूला आधी चापट बसायची आणि मग मेकॅनिकला बोलावणं जायचं. मिक्सर अडला, हाण! टीव्हीवर मुंग्या आल्या, हाण! आणि मेल्या वस्तू चालूही व्हायच्या, तिथंच तर सगळा घोटाळा झाला.

काकूंचे यजमान ड्रायव्हिंग शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. "क्लच हळू सोड, अरे हळू, गाडी आहे की घोडा!" असं आयुष्यभर ओरडून कमावलेला आवाज. मग घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. हॉस्पिटलातल्या बाई म्हणाल्या, आधी लॅपटॉपमध्ये शेकडो वाक्यं बोलून ठेवा, त्यांतून तुमच्याच आवाजात बोलणारं यंत्र करून देऊ. मास्तर दार लावून बोलत बसायचे. काकू बाहेर पहारा द्यायच्या, दारावरची बेलसुद्धा त्यांनी बंद करून टाकली होती. जरा अडखळलं की मास्तर पुन्हा पहिल्यापासून. होतील तशी देत जा, असं बाईंनी सांगितलं होतं, पण यांचं आपलं एकच, सगळी नीट होऊ देत, मग एकदम देऊ. हट्टी माणूस, बोलणार काय!

ऑपरेशन झालं, आवाज गेला, श्वास घ्यायला गळ्याला भोक तेवढं राहिलं. घरी आल्यावर बाईंना द्यायला म्हणून लॅपटॉप उघडला, तर आतून टक् टक्, टक् टक्. स्क्रीन काळी. मास्तर काही खूण करेपर्यंत काकूंनी सवयीनं दोन सणसणीत चापट्या ठेवून दिल्या. टक् टक् थांबलं. मग काही केल्या तो चालू होईना.

दुरुस्तीवाल्यानं हार्ड डिस्क आठवडाभर ठेवून घेतली. आज दोघं गेली, तर त्यानं ती उघडूनच समोर ठेवली. आतल्या चकचकीत चकतीवर गोल चरा पडला होता.

"टकटक ऐकल्यावर लगेच बंद करून आणली असती, तर बरंच काही निघालं असतं," तो म्हणाला. "हिला कुणीतरी चालू असताना ठोकलंय. काकू, तुम्ही?"

"मी? छे!" काकूंच्या तोंडून निघून गेलं.

मास्तरांनी गळ्यातली छोटी पाटी पुढे ओढली आणि लिहिलं, 'मी.'

"कमाल करता काका! ही काय जुनी गाडी आहे, लाथ घातली की सुरू व्हायला? आता काही हाती लागणार नाही. एक शब्दसुद्धा नाही."

उलट उत्तर दिल्याशिवाय ज्यांना जेवण जात नसे, ते मास्तर मान खाली घालून ऐकत राहिले. काकूंना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, पण नाही सांगवलं त्यांच्याच्यानं.

रस्त्यावर आल्यावर मास्तरांनी नेहमीसारखी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. तेवढ्यानं काकूंचा बांध फुटला.

"कशाला माझ्यावर पांघरूण घातलंत? मी मारलं! मी घालवला तुमचा आवाज! बोला की मला! चांगल्या चार शिव्या हासडा, पण असे गप्प राहू नका हो!"

येणारेजाणारे थांबून बघायला लागले. मास्तरांनी सवयीनं तोंड उघडलं. 'अगं' म्हणावं तसे ओठ हलले आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा बाहेर आली.